कूस

टिकेशच्या दप्तरात एक घड्याळ असतं,
पट्टा तुटलेलं, बापाचं.
सहावीतल्या पोराला घड्याळ कशाला, सर विचारतात.
तो सांगत नाही.
साडेबाराला करंगळी वर करतो
आणि तलावाच्या पाळीवरून घरी पळतो.

दर दोन तासांनी बापाची कूस बदलायची.
साकोलीच्या दवाखान्यातल्या नर्सनं
हात धरून शिकवलं होतं त्याला:
आधी गुडघा दुमडायचा, मग खांदा,
मग कमरेखालची चादर धरून आपल्याकडे ओढायचं.
ढकलायचं नाही. ढकललं की कातडी सोलते.

ऐनावरचा कोसा काढताना पडला दुलीचंद,
गेल्या नाही, त्याच्या आधीच्या दिवाळीला.
माय पहाटे राइस मिलला जाते, दिवा लागल्यावर येते.
मधला सगळा दिवस टिकेशचा.

मी कुडापलीकडे राहते.
सव्वीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते,
अर्ध्या गावाची ढुंगणं या हातांनी धुतली,
त्यात टिकेशचंही.
म्हणजे मला दिसत होतं.
अंधार पडल्यावर बोअरिंगवर चादर आपटणारा पोरगा,
बापाची दाढी करताना स्वतःचे गाल फुगवणारा.
दिसत होतं, आणि मी भाजी निवडत होते.
"गुणाचं पोर" म्हणत होते, सगळ्यांसारखी.
तसं म्हटलं की आपलं काम संपतं.

एका शुक्रवारी कुडाला टेकून म्हटलं,
"उद्या तीन ते पाच मी बसतो तुह्या बाबाजवळ.
तू जाय खेळाले."
"तुमाले नाही जमनार, आजी."
"कावून?"
तो काही न बोलता ओसरीवर आडवा झाला,
पाय लाकडासारखे टाकून.
"हं. करा."

मी खांद्याला हात घातला.
"आधी गुडघा."
गुडघा दुमडला.
"आता शर्ट धरा, चादर समजून.
ढकलू नोका, आजी. वढा. आपल्याकडे."
ओढलं.
वळला. एवढंसं अंग, रिकाम्या टोपलीइतकं.
तोंड माझ्या लुगड्याशी आलं.
झालं की, पास झाली मी, ऊठ आता, म्हटलं.
उठला नाही.
डोळे मिटून तसाच पडून राहिला.
मी पाठीवरचा हात काढला नाही.
आतून दुलीचंदनं विचारलं, "कोन हाय?"
आम्ही दोघंही बोललो नाही.

पहिल्या शनिवारी पंधरा मिनिटांत परत.
पोरं डाबडुबली खेळत होती,
झाडावर चढायचा खेळ तो खेळत नाही.
दारातूनच: "वळवलं?"
"वळवलं."
"टाचा?"
टाचांखाली उशी होती. तीही वाकून बघितली, मग गेला.
दुसऱ्या शनिवारी तीनदा आला.
तिसऱ्याला पाऊस, कुठेच गेला नाही,
माझ्याशेजारी बसून माझे हात तपासत राहिला.
चौथ्या शनिवारी सव्वापाच झाले तरी पत्ता नाही.
मग धापा टाकत, मातीनं माखलेला, घाबरलेला.
घड्याळ इथंच राहिलं होतं, खुंटीला.

दुलीचंदचं तोंड भिंतीकडे होतं.
पोरगा पाठ बघायला वाकला तेव्हा भिंतीलाच म्हणाला,
"डाव कोनावर आला होता?"
टिकेशला आठवेना.

शनिवार आठवड्यातून एकदाच येतो.
मंगळवारच्या साडेबारासाठी मी
चक्कीवाल्या पंचफुलेला विचारलंय.
तिनं पिठाचे हात पदराला पुसले, थोडं थांबली.
म्हणाली, "येतो. पन पोराले इचार,
माही परीक्षा कधी घेते."